गोव्यातील सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. घरी ऑक्सिजन यंत्रावरचे वडील आणि इन्सुलिन घेणारी आई आहे. काय काळजी घ्यावी?

आधी वडिलांचा विचार करावा, कारण ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेविना लगेच थांबतो आणि घरचा इन्व्हर्टर त्याचा भार किती वेळ पेलतो हे बहुधा कोणी तपासलेले नसते; म्हणून भरलेला सिलिंडर घरी ठेवून तो जोडण्याचा सराव दिवसाउजेडीच करावा. धाप वाढल्यास किंवा ओठ निळसर दिसल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा.

इन्सुलिनची चिंता त्या मानाने कमी आहे. न उघडलेला फ्रिज सुमारे ४ तास गार राहतो, आणि वापरात असलेली बरीच इन्सुलिने ३० अंशांखाली साधारण २८ दिवस टिकतात. नेमकी मुदत इन्सुलिनसोबतच्या पत्रकात पाहावी. इन्सुलिन गार राहावे म्हणून ते ओल्या मडक्यात ठेवण्याचा उपाय चांगला असला, तरी आपल्या दमट पावसाळी हवेत पाण्याचे बाष्पीभवन मंदावत असल्याने मडके फारसे गार होत नाही.