जारचा व्यास आधी मोज

बाळ,

परवा प्रॅक्टिकल संपल्यावर जर्नल छातीशी धरून तू विचारलंस, "सर, मोठ्या गोळीची रीडिंग्ज खोडू का?" मी नुसतं "नको" म्हणालो आणि निघून गेलो. ते मनाला लागून राहिलंय.

जारमधल्या एरंडेलात गोळी सोडून, ती किती वेळात खाली उतरते यावरून तू तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, काढतेस. तुझं एरंडेल चांगलं आहे, स्टॉपवॉचही ठीक आहे. 2 मिलिमीटरच्या गोळीने व्हिस्कॉसिटी जास्त आली, 4 मिलिमीटरच्या गोळीने त्याहून जास्त. तेल एकच असताना त्याचा दाटपणा गोळी बघून बदलेल का? जर्नलमध्ये तू गोळ्यांचे व्यास स्क्रू गेजने घेऊन नीट लिहिलेस, जारचा मात्र कुठेच नाही. आतला व्यास 4 सेंटिमीटर आहे. पोरी, जारचा व्यास आधी मोजायचा!

गोळीच्या वेगावरून व्हिस्कॉसिटी काढायचं जे सूत्र तू वापरतेस, त्या स्टोक्सच्या 1851 सालच्या सूत्रात तेलाला किनाराच नाही. आपल्या तेलाला आहे. गोळी उतरताना जेवढं तेल बाजूला सारते, तेवढं तिच्या आणि काचेच्या मधून वर यावं लागतं, आणि काचेला लागलेला थर तर जागचा हलत नाही. शिवाय गोळीने केलेली ढवळाढवळ फार सावकाश विरते. अंतर दुप्पट झालं तर ती जेमतेम निम्मी होते. म्हणून काच 20 त्रिज्या दूर असूनही छोट्या गोळीचा वेग साडेदहा टक्क्यांनी घटतो. मोठीचा 21 टक्क्यांनी, म्हणजे व्हिस्कॉसिटी सव्वापटीहून थोडी जास्तच दिसणार. वेगातली घट म्हणजे गोळीचा व्यास भागिले जारचा व्यास, गुणिले 2.104: भिंतीसाठीची एवढी फाक्सेनची दुरुस्ती लाव आणि तुझे आकडे पुन्हा बघ.

मी तुझ्या वयात खोडली होती रीडिंग्ज. उरलेल्या बिंदूंतून रेघ सुरेख गेली, मार्कही मिळाले. त्या रीडिंग्जमध्ये जारची भिंत मला दिसत होती आणि मी ती पुसली. पुढे तीस वर्षं, जारचा व्यास नसलेल्या जर्नलवर मी सही केली नाही. मुलं रडली, सहकारी म्हणाले हटवादी आहे, बॅच मागे पडते. पडली असेल. चूक मुलांची नव्हती, हेही मला कळत होतं. पण सही केली असती तर ती माझ्याच जुन्या जर्नलवर केल्यासारखी झाली असती. आजही करणार नाही.

आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. कपाटात 6 सेंटिमीटरचा जार आहे. तीच 4 मिलिमीटरची गोळी त्यात सोड, बरोबर मधोमध, चिमट्याने, तेलाच्या पृष्ठभागालगत. दोष भिंतीचा असेल तर घट 21 वरून 14 टक्क्यांवर यायला हवी. नाही आली तर मला येऊन सांग, मी ऐकेन. पण व्यास मोजल्याशिवाय येऊ नकोस.

तेल शनिवारीच ओतून ठेव. बुडबुडे निघायला वेळ लागतो. सोमवारी दहाला मी लॅबमध्ये आहे.

तुझे सर