वाचकांचे प्रश्न : मेसेज येत नाही, तरी दमायला होतं

प्रश्न : ताई, मी पुण्यात एका आयटी कंपनीत डिझायनर आहे, घरूनच काम करते. सहाला लॅपटॉप बंद करते पण मोबाईलवर टीम्स, म्हणजे ऑफिसचं मेसेजचं ॲप, चालूच असतं, क्लायंट अमेरिकेतला, आपल्याकडे कुकर लावायची वेळ झाली की त्यांचा दिवस उजाडतो. खरं सांगायचं तर रात्री मेसेज दोन-तीनच येतात, कधी एकही नाही, तरी पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हातानं मी सारखा फोन बघते. आधी भाजी निवडताना पण काहीतरी सुचायचं, आता कित्येक महिने जुन्याच स्क्रीन इकडच्या तिकडे करतेय. माझ्यातलंच काही संपलं का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : नाही गं, काही संपलेलं नाही. "कधी एकही नाही" असं तूच लिहिलंयस ना, तिथंच सगळं आहे. तान्हं बाळ शेजारी असलं की आईचा एक कान जागाच असतो, बाळ रडो न रडो, झोप पुरी होत नाही, तसं झालंय तुझं. अमेरिकेतल्या विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हेच मांडलं होतं, की ऑफिस सुटल्यावरही मेल बघावा लागेल या नुसत्या अपेक्षेनंच ताण येतो आणि घरातल्या जोडीदारालाही तो जाणवतो.

आणि भाजी निवडताना सुचायचं ते का, तर हात कामात आणि डोकं रिकामं म्हणून. तेवढी रिकामी जागा आता फोननं घेतलीय, मग सुचणार कुठून?

ऑफिस सुटल्यावर कामाच्या मेसेजपासून दूर राहण्याच्या हक्कावर फ्रान्समध्ये २०१७ पासून कायदा आहे, आपल्याकडे सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं पण त्याचा कायदा काही झाला नाही, त्यामुळे सध्या तरी तुलाच बोलावं लागेल. मॅनेजरला "रात्री मेसेज करू नका" असं नको म्हणूस, क्लायंट तिकडचा असताना ते टिकणार नाही. साडेसात ते साडेआठ मी ऑनलाइन आहे असं सांग, न्यूयॉर्कला तेव्हा सकाळच असते. "त्यानंतर काही अडलंच तर साधा फोन करा, तो मी उचलेन" असंही सांग. हे फोनचं आवर्जून सांग, कारण खरंच तातडीचं असेल तर कळेलच ही खात्री असल्याशिवाय तुझा जीव स्वस्थ बसणार नाही. मग टीम्सच्या मोबाईल ॲपमध्ये क्वाएट टाइम लाव, म्हणजे त्या वेळेत मेसेजची सूचना वाजणार नाही, आणि फोन रिंग मोठी करून बाहेरच्या खोलीत ठेव, ओट्यावर नको.

सुरुवातीला हात फोनकडे जाईलच, जाऊ दे. दोन आठवड्यांत असे फोन किती आले ते कॅलेंडरवर लिहून ठेव आणि मला कळव.