आबांवर काय लिहू?

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे आबा म्हणजे आजोबा मागच्या चैत्रात गेले. आधी सालदारकी केली, म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबले, मग थोडी जमीन घेऊन केळी लावली, लेकरं शिकवली, सगळ्यांची लग्नं लावली. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या आत्या येणारेत, पितरांची घागर भरून झाली की आबांबद्दल मी चार शब्द वाचावेत असं घरच्यांचं म्हणणंय. पण लिहायला बसलो की कष्टाळू, प्रेमळ, मनमिळावू एवढंच येतं, आणि ते तर कोणाच्याही निधनाच्या बातमीत असतं. काय लिहू? – एक वाचक, ता. चोपडा

उत्तर : भाऊ, तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. कष्टाळू शब्द काढूनच टाका, ते काय करायचे ते लिहा. केळीला रात्री पाणी भरणं म्हणजे काय हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको, लाइट मध्यरात्री येणार, मग "ऊठ रे भो, लाइट उनी" करत कोणालातरी उठवायचं, बॅटरी घ्यायची आणि ऐन थंडीत चिखलात उभं राहून बारे द्यायचे. आबा कोणाला उठवायचे, काय म्हणून उठवायचे, ते त्यांच्या अहिराणीतच लिहा, पुस्तकी मराठी करू नका. केळीच्या चिकाचे डाग पडलेला त्यांचा एखादा सदरा घरात असेलच, ते डाग कितीही धुतले तरी जात नाहीत, तो आजीपुढे ठेवा आणि तिला बोलू द्या.

सालदारकीबद्दल मात्र खोदून विचारा. आपल्या खानदेशात सालदाराचं साल आखाजीलाच संपतं आणि नवं ठरतं, म्हणजे तुम्ही ज्या दिवशी घागर भरणार त्याच दिवशी आबा कधीकाळी मालकाच्या ओट्यावर बसून वर्षाचे पैसे नि धान्य ठरवत असतील. कोणाकडे होते, किती ठरायचं, उचल म्हणजे आगाऊ पैसे कशासाठी घेतले? काही घरांत हे सांगायला लाजतात, लोकांच्या शेतात राबले हे कशाला वाचायचं म्हणून, मला हे अजिबात पटत नाही, तुमची केळी त्यातूनच उभी राहिली ना! जमीन कधी घेतली ते सातबाऱ्यावरच्या फेरफार नंबरवरून सापडेल, तलाठ्याकडून तो फेरफार काढा. १९७२ च्या दुष्काळात आबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले होते का, मिलोच्या म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढले का, हे त्यांच्या जोडीच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि या आठवड्यातच विचारा, तेही आता थकलेत.

सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करा. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना कुठे लिहिता येत होतं, घरच्यांनी ऐकून उतरवून ठेवलं म्हणून त्या गेल्यावर १९५२ साली त्यांच्या मुलाला, सोपानदेवांना, त्यांची गाणी छापता आली.

आबा तापट असतील, लेकरांना कधी जवळ घेत नसतील तर तेही लिहा, आत्यांना सगळं माहितीच असतं, नुसता गोडवा वाचलात तर त्यांना ते आपले बाबा वाटणारच नाहीत. एक पानभर पुरे. आगारी टाकून, म्हणजे पितरांचा घास विस्तवावर देऊन, रस-पोळीची जेवणं उरकली की वाचा, आधी स्वयंपाकाच्या घाईत कोणी ऐकणार नाही. आणि आदल्या दिवशी एकट्या आजीला वाचून दाखवा, ती जिथे "असं नव्हतं रे" म्हणेल तिथे तिचं ऐकून बदला.