आयजीबीटी मॉड्यूलमधली सुटलेली बॉन्ड वायर मॅग्नेटिक फील्डवरून कळते का?

कळते, पण सेन्सर वायरच्या किती जवळ नेता येतो यावर सगळं आहे. (आयजीबीटी म्हणजे मोठा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, आणि बॉन्ड वायर म्हणजे त्याच्या चिपला वरून जोडलेली ॲल्युमिनियमची बारीक तार.)

तुम्ही म्हणताय ऑन असताना मॉड्यूलवर पडणारं व्होल्टेज वाढलंय आणि एक्सरेत काहीच दिसलं नाही. दिसणारच नाही. ॲल्युमिनियम एक्सरेला जवळजवळ पारदर्शक, आणि वायर काही गायब झालेली नसते, चिपवरून जराशी उचललेली असते. ॲल्युमिनियम तापलं की सिलिकॉनच्या जवळपास नऊपट प्रसरण पावतं, गरम-थंड गरम-थंड होऊन जोडाशी चीर जाते आणि एक दिवस सुटते. बाकीच्या वायरी तिचा करंट वाटून घेतात म्हणून मॉड्यूल चालूच राहतं.

आता हिशोब बघा. ८ वायरींतून ४० अँपिअर म्हणजे साधारण ५-५ अँपिअर प्रत्येकीतून, आणि एका वायरपासून ५ मिमीवर फील्ड येतं २०० मायक्रोटेस्ला, पृथ्वीचं असतं ५०च्या आसपास. म्हणजे मोजायला भारी सेन्सर लागत नाही, साधा हॉल सेन्सर (मॅग्नेटिक फील्ड मोजणारी छोटी चिप) पण चालतो. गोची वेगळीच आहे, वायरींमध्ये अंतर दीड-दोन मिमी आणि तुम्ही ५ मिमी वर, मग आठही वायरींचं मिळून एकच धुरकट डाग दिसतो. ढोबळमानाने सेन्सर जेवढ्या अंतरावर, त्याहून बारीक काही वेगळं दिसत नाही. सॉफ्टवेअरने फील्डवरून उलटा करंटचा नकाशा काढता येतो पण लांबून घेतलं तर ते गणित नॉइजच फुगवून दाखवतं. झाकण निघत असेल तर काढा, आतलं सिलिकॉन जेल राहू द्या, फील्डला ते आडवं येत नाही.

मी आधी पृथ्वीचं फील्ड वजा करायला सरळ करंटची दिशा उलटी केली आणि चित्र भलतंच आलं, अर्धा दिवस डोकं खाजवलं. उलटा करंट आयजीबीटीतून जातच नाही, शेजारच्या डायोडमधून जातो, म्हणजे मी डायोडच्या वायरी बघत बसलो होतो 😅 तेव्हा गेटला (आयजीबीटी चालू करणाऱ्या पिनला) १५ व्होल्ट देऊन करंट चालू-बंद करा, दोन्ही रीडिंगची वजाबाकी घ्या. वेग कमी ठेवा, नाहीतर खालच्या तांब्यात एडी करंट (बदलत्या फील्डने धातूत उठणारे भोवरे) फिरून फील्ड बिघडवतात. आणि मॉड्यूलला येणाऱ्या-जाणाऱ्या केबल पीळ देऊन लांब न्या, त्यांचंच फील्ड आधी दिसतं.

तसाच एक चांगला मॉड्यूल मात्र हवाच. फील्डच्या एकट्या चित्रावरून काही ठरवू नका, त्यातून चांगल्या मॉड्यूलचं चित्र वजा केलं की सुटलेल्या वायरीच्या जागी खड्डा दिसतो आणि शेजारणी किंचित वर.

चिपखालच्या सोल्डरमधली पोकळी असेल तर हे सोडा, तिथून करंट बाजूने वळून जातोच आणि फरक फार पुसट येतो, त्याला अल्ट्रासाउंडवाला मायक्रोस्कोप लागतो. तुमच्या मॉड्यूलचं झाकण निघतं का आणि एका चिपला किती वायरी आहेत ते सांगा, मग सेन्सर कुठला ते बघू.