अग्निशमन केंद्राची चाळीस वर्षांची इमारत दुरुस्त करावी की पाडून नवी बांधावी?

आपल्या नगरपरिषदेला दुरुस्ती परवडेल की नवे बांधकाम, असे आपण विचारले आहे. माझ्या मते आधी जागेचा निर्णय घ्यावा, इमारतीचा नंतर.

मी एका नगरपालिकेच्या अग्निशमन दलातून निवृत्त झालो. आमचे केंद्र बाजारपेठेच्या तोंडाशी होते. स्लॅब गळत असे, आणि बंब आत घेताना शिडी तुळईला घासू नये म्हणून एका फायरमनला खाली उतरून उभे राहावे लागे. सल्लागारांनी इमारत मोडकळीस आल्याचा अहवाल दिला आणि रेल्वे फाटकापलीकडच्या मोकळ्या भूखंडावर प्रशस्त केंद्र सुचवले. शहरी भागात बंब 5 ते 7 मिनिटांत पोहोचावा, अशी स्थायी अग्निशमन सल्लागार समितीची शिफारस आहे. तेव्हा संध्याकाळी फाटक बंद असताना बाजारात पोहोचायला किती वेळ लागेल, असे मी बैठकीत विचारले. उत्तरादाखल मला नव्या इमारतीतील प्रशिक्षण सभागृहाचा नकाशा दाखवण्यात आला. जुन्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहायचे होते, हे तेथे कोणी उच्चारले नाही, एवढेच. केंद्र हलले, आणि आज एक बंब त्याच बाजारात रस्त्याकडेला ताडपत्रीखाली उभा ठेवावा लागतो.

इमारतीपुरते सांगायचे तर, काँक्रीटच्या पृष्ठभागावर ठोका मारून मजबुतीचा नुसता अंदाज देणाऱ्या रिबाउंड हॅमरच्या आकड्यांवरच विसंबू नये. कोअर, म्हणजे काँक्रीटचा आतपर्यंतचा दंडगोल नमुना, काढून तपासावा आणि सळ्यांचा गंज मोजावा. गळती, प्लॅस्टर, वायरिंग यांसाठी कोणी इमारत पाडत नाही. मात्र खांबांना जॅकेटिंग, म्हणजे भोवती नव्या सळ्या व काँक्रीटचा थर, करावे लागणार असेल, तर त्याने बंबाच्या दरवाजाची रुंदी दोन्ही बाजूंनी घटते, ही गोष्ट अंदाजपत्रकात कोठेच दिसत नाही. पाच हजार लिटरच्या टाकीतील नुसते पाणीच 5 टन भरते, म्हणून फरशीखालचा भरावही पाहावा. शिवाय आयएस 1893 (2016) या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकानुसार अग्निशमन केंद्रासाठी भूकंपाचे बल सर्वसाधारण इमारतीच्या दीडपट धरावे लागते. जुना सांगाडा त्यात बसत नसेल आणि मजबुतीकरणानंतर बंब आत जाणार नसेल, तर पाडावे, पण त्याच जागी बांधावे.

अर्थात, बंब बाहेर काढताना रस्ताच अडत असेल इतका भूखंड अपुरा असल्यास स्थलांतराला माझा विरोध नाही. मात्र ठराव मांडण्यापूर्वी भरलेला बंब नव्या जागेवरून बाजाराच्या दिवशी संध्याकाळी प्रत्यक्ष चालवून वेळ मोजावा, आणि तो आकडा ठरावातच लिहावा.