बायोसमध्ये ऑप्शनच नाही, दुकानदारावर केस होते का?

नाशिकच्या एका वाचकाने विचारलंय: घरून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, चार महिन्यांपूर्वी लोकल दुकानातून पीसी असेंबल करून घेतला. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर सांगितलं की आय ५ १२६००के घ्या, के वाला आहे, पुढे ओव्हरक्लॉक करता येईल (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवता येईल), रॅम पण ३६०० स्पीडची टाकतो. मदरबोर्ड त्यानेच निवडला, एच ६१० चा. आता बायोस (मदरबोर्डची सेटिंग) उघडला तर प्रोसेसरचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, वाढवायचा ऑप्शनच नाही आणि रॅम ३२०० च्या वर जात नाही. दुकानदार म्हणतो पीसी चालतोय ना, मग कसली तक्रार, आणि बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का आहे. बोर्डाची कंपनी आणि दुकानदार दोघांवर केस करू का?

कंपनीचं नाव आधी काढून टाका. एच ६१० हा इंटेलचा त्या सिरीजमधला सगळ्यात खालचा चिपसेट (बोर्डावरची मुख्य चिप, बोर्डात काय करता येईल ते ती ठरवते) आहे, प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग झेड ६९० किंवा झेड ७९० वरच मिळतं, रॅमचं बी ६६० पासून पुढे, आणि बोर्डाच्या माहितीत कंपनी ३२०० च लिहिते. जे द्यायचं कबूलच केलं नाही ते दिलं नाही म्हणून केस टिकत नाही. स्वस्त बोर्डात इतकं सगळं कुलूपबंद ठेवतात याचा मलाही राग येतो, पण तो कायद्याने दोष ठरत नाही.

दुकानदाराचं वेगळं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये 'दोष' म्हणजे फक्त बिघाड नाही, विक्रेत्याने कुठल्याही प्रकारे जो दावा केला त्यात वस्तू कमी पडली तरी तो दोषच. मालाच्या उपयोगाबद्दल खोटं सांगून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा, मग ते तोंडी सांगितलेलं असो की मेसेजवर. वर १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ आहे, तुम्ही तुमचं काम सांगितलं आणि त्याच्या माहितीवर विसंबून माल घेतला तर तो त्या कामाला योग्य असण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पण तुम्ही ब्रँड आणि मॉडेलचं नाव घेऊन तोच बोर्ड मागितला असता तर ही वाट जवळपास बंद झाली असती, म्हणून 'बोर्ड मी निवडतो' असा त्याचा मेसेज आहे का हे आज रात्रीच शोधा, तुमची सगळी केस त्या एका मेसेजवर उभी आहे.

ते चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, पूर्ण चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. ग्राहक आयोगापुढे इलेक्ट्रॉनिक पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडा म्हणजे समोरच्याला तिथे बोट ठेवायला जागा राहत नाही. बायोसच्या स्क्रीनचे फोटो काढा, व्हर्जन नंबर दिसेल असे. आणि हात जोडून सांगतो, कुठून तरी मॉडिफाय केलेला बायोस उतरवून फ्लॅश करू नका, म्हणजे बोर्डात टाकू नका, बोर्ड गेला तर वॉरंटीही जाईल आणि दुकानदार म्हणेल यांनीच बिघडवला.

तो एक मुद्दा नक्की काढेल, की तुम्ही धंद्यासाठी घेतला म्हणजे तुम्ही ग्राहक नाही. घाबरू नका, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोजत नाहीत. तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहा, आणि माणसं ठेवून स्टुडिओ चालवत असाल तर मला आधी कळवा, मग उत्तर बदलेल. शिक्क्याचं म्हणाल तर खोटं सांगून विकलेल्या मालाला शिक्का मारून संरक्षण मिळत नाही.

आधी १५ दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टने पाठवा, मागणी मोजकी ठेवा, बोर्ड परत घेऊन झेड ६९० चा द्या, फरक मी भरतो, नाहीतर बोर्ड आणि रॅमचे पैसे परत. झेडचा बोर्ड पहिल्यापासून घेतला असता तरी जास्त पैसे तुम्हीच दिले असते, त्यामुळे तो फुकट मागू नका, आयोगाला अशी मागणी पटत नाही. सोबत १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा, पुष्कळदा दुकानदार तिथेच ऐकतो. नाही ऐकलं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा, ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येतं, मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. निकालासाठी कायद्यात ३ महिने लिहिलेत, माल तपासायला पाठवला तर ५, प्रत्यक्षात जास्त लागतात, त्यामुळे दुकानदार नोटीस मिळाल्यावर अर्धा फरक सोसायला तयार झाला तर मी तुमच्या जागी असतो तर घेतलं असतं, फक्त लेखी घ्या आणि नवीन बिलावर चिपसेटचं नाव लिहून घ्या.