दाखला काढला तर मुलावर शिक्का बसेल का?

स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्या मुलांचे आईवडील दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा विषय सहसा स्वतःहून काढत नाहीत. मी काढला की म्हणतात, सरकारी कागदावर एकदा नाव चढलं की पुसता येत नाही. मग नोकरी, लग्न, बहिणीच्या सासरी काय सांगायचं?

भांडुपच्या एका आईंनीही हेच विचारलं होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन कल्याणला, आणि घरात एकतीस वर्षांचा मुलगा, ज्याला कॉलेजात असताना स्किझोफ्रेनिया सुरू झाला. त्या दोन घरी पोळ्या लाटतात. गुडघे बोलू लागले तेव्हा "माझ्यामागे याचं कसं?" या काळजीने आल्या होत्या.

मी त्यांना आधी कागदाबद्दल सांगितलं. हा दाखला कुठे फलकावर लावत नाहीत. जिथे सवलत हवी तिथे आपण दाखवायचा, बाकी कपाटात ठेवायचा. मानसिक आजारात तो बऱ्याचदा ठरावीक मुदतीचा मिळतो आणि पुन्हा तपासणी होते, म्हणजे सुधारणा झाली तर दाखल्यावरचे दिव्यांगत्वाचे टक्केही बदलतात. नोकरीचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान 4 टक्के जागा राखल्या आहेत आणि त्यात मानसिक आजारही येतो. पण त्यासाठी दाखल्यावर किमान 40 टक्के लागतात.

त्यांना थोडं पटलं. मुलाला मात्र कोणी विचारलंच नव्हतं, आणि दाखला तर त्याचा होता. म्हणून पुढच्या वेळी मी त्याच्याशी एकट्याशी बोलले. "त्यात काय लिहिणार, वेडा?" त्याने सरळ विचारलं. मी म्हटलं, आजाराचा प्रकार आणि टक्के लिहितात. तू कसा आहेस हे त्यात नसतं, रोजच्या जगण्यात तुला किती अडतं तेवढंच असतं. दाखल्यावर महिन्याला सरकारी मदत मिळू शकते, हे त्याच्या कानावर होतं. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "पैसे माझ्या खात्यात येतील का?" येतील, आणि ते कसे वापरायचे हे ठरवण्याचा हक्कही त्याचाच, हे मी त्याच्या आईंसमोर पुन्हा सांगितलं. तिथून तो तयार झाला.

दाखल्यासाठीच्या सरकारी संकेतस्थळावर, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर, अर्ज भरणं सोपं गेलं. अवघड असते ती हॉस्पिटलमधली तपासणी, आणि तिच्याबद्दल पालकांना कोणी काही सांगत नाही. मानसिक आजाराचे टक्के ठरवायला डॉक्टर 'आयडियाज' ही मोजपट्टी वापरतात. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम या चार गोष्टी पाहतात, शिवाय आजार किती वर्षांचा तेही. आता आई काय करते? त्या दिवशी मुलाला न्हाऊ घालते, इस्त्रीचा शर्ट देते, "नीट बोल हं" म्हणून बजावते, आणि डॉक्टरांनी विचारलं की सांगते, "सगळं स्वतःचं स्वतः करतो हो." चारचौघांत मुलाची लाज राखायची म्हणून ती असं बोलते. पण त्या एका वाक्यात मुलाचं खरं अडणं कागदावर येतच नाही.

म्हणून मी या आईंना आधी वही घालायला लावली. आंघोळीला आज किती वेळा म्हणावं लागलं, गोळी कोणी हातात दिली, दुकानात एकटा गेला का, पाहुणे आले तेव्हा कुठे बसला. चांगले दिवसही लिहायचे, वाढवून काही लिहायचं नाही. वाढवून सांगितलेलं मुलाच्या कानावर पडतं आणि त्याला ते खूप लागतं, हे मी पाहिलं आहे. ती वही, जुने केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन दोघं गेले. 40 च्या वर टक्के मिळाले.

पुढे तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा, म्हणजे महिन्याच्या सरकारी मदतीचा अर्ज. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 50,000 रुपये. मुंबईत एवढ्यात माणूस जगतो कसा, हा प्रश्न सरकारने स्वतःला विचारायलाच हवा. ही मर्यादा अन्यायाची आहे असं माझं ठाम मत आहे. खिडकीवर त्यांना ऐकावं लागलं, "हातपाय तर धड आहेत, कसला दिव्यांग?" आई रडत परत आल्या. मानसिक आजार 1995 च्या कायद्यातही होता आणि आजच्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांतही आहे. मी त्यांना सांगितलं, वाद घालू नका. दाखल्यावरचे टक्के दाखवा, अर्ज आवक करून घ्यायला सांगा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उत्पन्नाचा दाखला, 15 वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, रेशन कार्ड आणि आधारला जोडलेलं बँक खातं, एवढं बरोबर होतं. अर्ज मंजूर झाला. ऑक्टोबर 2025 पासून या योजनेत दिव्यांगांना महिन्याला 1,500 ऐवजी 2,500 रुपये आहेत.

त्यातले काही पैसे त्याने स्वतःच्या मोबाईल रिचार्जला ठेवले, त्यावरून घरात भांडण झालं. मी त्याच्या बाजूने बोलले. त्याचा दाखला मुदतीचा आहे, पुन्हा तपासणी होईल. त्यासाठीची वही आता तो स्वतः लिहितो, आणि एखादी नोंद पटली नाही की आई त्याच्याशी वाद घालतात.